दुरुस्ती निघाली, पण पोचली का?
(संगणकाच्या कर्नेलमधील दोष आणि अपडेट)

— द्वितीय वर्ष, कला

प्रवरा नदीवरील आमचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. विल्सन डॅम हे त्याचे दुसरे नाव. १९६९ साली या दगडी धरणाला तडे गेल्याचे व गळती लागल्याचे आढळले. पुढे आधाराचे बांधकाम करून ते मजबूत करण्यात आले. धरणाच्या खालच्या अंगाला जे जाडजूड आधार दिसतात, ते या दुरुस्तीचे. ही दुरुस्ती एके ठिकाणी झाली आणि खालची सगळी गावे एकाच वेळी सुरक्षित झाली. संगणकाची दुरुस्ती मात्र अशी एके ठिकाणी होत नाही. ती प्रत्येक यंत्रात वेगळी पोचावी लागते. या पोचण्यातच सगळी अडचण आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे.

कर्नेल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ बीमधला गर. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला हेच नाव आहे. संगणकाची स्मृती कोणत्या प्रोग्रॅमला किती द्यायची, कोणती फाईल कोणी उघडायची, कॅमेरा वा माईक कोणी वापरायचा, हे सर्व कर्नेल ठरवतो. इतर प्रोग्रॅमना त्याच्याकडे विनंती करावी लागते. त्याला स्वतःला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. साध्या प्रोग्रॅममध्ये चोर शिरला तर एका खोलीत शिरला असे म्हणता येईल. कर्नेलमध्ये शिरला तर घराच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या हाती आल्या.

आता दोष कसा असतो ते पाहू. समजा, कर्नेलने बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी दहा अक्षरांची जागा राखून ठेवली आहे. मजकूर आला वीस अक्षरांचा, आणि त्याची लांबी मोजायचे राहून गेले. उरलेली दहा अक्षरे शेजारच्या जागेवर सांडतात व तेथील माहिती पुसून स्वतः बसतात. ती अक्षरे चोराने विचारपूर्वक निवडलेली असतील, तर कर्नेल ती आज्ञा समजून पाळू लागतो. याची दुरुस्ती बहुधा लहान असते : ‘आधी लांबी मोज, जास्त असेल तर घेऊ नको,’ एवढ्या अर्थाच्या दोनचार ओळी.

असे दोष वर्षानुवर्षे लपून राहतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नेल आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये आहे. त्यातील ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष २००७ पासून होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. नऊ वर्षे हजारो जाणकारांच्या डोळ्यांसमोर असूनही तो राहिला. धरणाशी येथे एक फरक लक्षात घ्यावा. बांधकाम काळाने झिजते; प्रोग्रॅम झिजत नाही. त्यातला दोष पहिल्या दिवसापासूनच असतो, तो कळतो मात्र उशिरा.

दोष कळला, दुरुस्ती झाली, अपडेट प्रसिद्ध झाले, म्हणजे संकट टळले असे आपल्याला वाटते. वस्तुतः धोका तेथूनच वाढतो. कारण जुनी व नवी फाईल शेजारी ठेवून तुलना केली की बदल कुठे झाला ते दिसते, आणि बदल जेथे तेथेच भगदाड होते हे चोरालाही समजते. ज्यांनी अपडेट घेतले ते सुटले. ज्यांनी घेतले नाही त्यांच्या घराचा पत्ता जणू जाहीर झाला.

याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले आहे. विंडोजच्या ज्या भागातून संगणक एकमेकांना फाईली देतात, त्याचा काही अंश कर्नेलमध्ये चालतो. त्यात वर सांगितल्यासारखीच मापाची चूक होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली. पुढच्याच महिन्यात या भगदाडातून शिरण्याचे तयार हत्यार इंटरनेटवर फुटले. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर ५९ दिवसांनी, ‘वॉनाक्राय’ने जगभर लाखो संगणक कुलूपबंद केले; ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामही कोलमडले. २७ जून रोजी, १०५ दिवसांनी, ‘नॉटपेट्या’ आला. त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनल ठप्प झाले. दुरुस्ती साडेतीन महिने उपलब्ध असताना हे घडले!

तथापि एक बाजू प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नॉटपेट्याजवळ हे एकच हत्यार नव्हते. तो चोरलेले पासवर्ड वापरूनही पसरत होता, त्यामुळे दुरुस्त केलेली यंत्रेही सापडली. शिवाय त्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमधूनच झाला होता. मग अपडेटवर विश्वास ठेवावा का? माझ्या मते, ठेवावा. पण ते कोठून येते हे पाहून. फोनच्या सेटिंगमधून येणाऱ्या अपडेटवर निर्मात्याची डिजिटल सही असते व फोन ती तपासतो. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरील ‘अपडेट’ कधीही घेऊ नये. दुसरी गोष्ट, कर्नेल यंत्र सुरू होताना स्मृतीत चढतो. म्हणून अपडेट उतरवून घेतले तरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करीपर्यंत सामान्यतः जुनाच कर्नेल काम करीत राहतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. लिनक्समध्ये झालेली दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत येताना गूगल, चिप बनवणारी कंपनी आणि फोनची कंपनी अशा अनेक हातांतून येते. फोनची कंपनी काही ठरावीक वर्षेच अपडेट देते. ती मुदत संपली की फोन चालतो, कॉल लागतात, पैसेही पाठवता येतात. फक्त दुरुस्त्या यायच्या थांबतात, आणि तसे कोणी सांगत नाही. नवा फोन घेण्याची ऐपत असलेला माणूस या फेऱ्यातून सुटतो. जो मोठ्या भावाचा जुना फोन वापरतो, किंवा बाजारातून वापरलेला घेतो, त्याच्या हाती मात्र असंख्य जाहीर झालेली भगदाडे येतात. बँकेचे ओटीपीही त्याच फोनवर येतात. जुन्या यंत्रांना दुरुस्ती देणे अशक्य असते असेही नाही. विंडोज एक्स्पीची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपली होती, तरी वॉनाक्रायनंतर दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठी दुरुस्ती दिली. मग अनेक वर्षे वापरात राहणाऱ्या स्वस्त फोनांना ती का मिळू नये? माझ्या मते ही केवळ तंत्रज्ञांची बाब नव्हे, न्यायाचीही आहे.

तोवर आपण काय करावे? सेटिंगमध्ये ‘अँड्रॉइड सुरक्षा अपडेट’ या नावापुढे एक तारीख असते, ती पाहावी. ती फार जुनी असेल आणि नवे अपडेट मिळत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार शक्यतो करू नयेत व अनोळखी ॲप घालू नये. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी फोनवरची सूचना वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. ‘नंतर’ हे बटण दाबायचे की ‘आता’, हे घरातले आपल्यालाच विचारतात. उत्तर देण्यापूर्वी तारीख पाहावी, एवढीच विनंती.