कीर्तनकार : कलावंत आणि शिक्षक

गाणे ऐकवून गायक निघून गेला, तरी त्याचे काम झाले. कला शिकवणाऱ्याचे काम मात्र ऐकणारा स्वतः गाऊ लागला म्हणजेच झाले. बेने इस्राएल समाजात असे शिकवणारे म्हणजे आपले कीर्तनकार.

१८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी मराठी कीर्तन सुरू केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांपैकी एक. हिब्रू प्रार्थना पाठ असल्या तरी अर्थ सर्वांना कळत नसे. म्हणून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांत, साकी-दिंडीसारख्या ओळखीच्या चालींत बांधली गेली.

त्यांच्या रीतीतून शिकवणाऱ्याने तीन गोष्टी घ्याव्यात :

१. ओळखीच्या चालीवरून नव्या विषयाकडे न्यावे.
२. थोडे गावे, थांबून अर्थ सांगावा, मग पुढे जावे.
३. ध्रुवपद श्रोत्यांच्या तोंडी द्यावे.

यांत तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पदांचे शब्द छापून ठेवता येतात. चाल मात्र तोंडातून तोंडात जाते. आज ती मुख्यतः वडीलधाऱ्यांनाच ठाऊक आहे. त्यांनी नुसती गाऊन दाखवली, तर ती त्यांच्याबरोबरच संपेल.

स्वाध्याय : दोहातल्या द पर्लमध्ये राहणाऱ्या मुलाला कीर्तन ऐकायला मिळणे कठीण; पण आजीला फोन करता येतो. तिच्याकडून एक पद शिका. आठवड्याने ते धाकट्या भावंडाला शिकवा. त्याने ते तुमच्या मदतीशिवाय म्हटले, की पाठ पुरा झाला.