डेनियर, डेसीटेक्स आणि जीएसएमचा हिशेब

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखानदारांना डेनियर हा शब्द नवा नाही. ९,००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. परंतु परदेशी मालाच्या कागदांवर पुष्कळदा डेसीटेक्स लिहिलेले असते. ते १०,००० मीटरचे वजन. (टेक्स म्हणजे १,००० मीटरचे.) तिन्ही मापे ग्रॅम-मीटरचीच, फरक फक्त लांबीचा.

समजा, खोक्यावर १५० हा आकडा आहे. ते डेनियर असेल तर एका किलोत ६०,००० मीटर धागा, आणि डेसीटेक्स असेल तर सुमारे ६६,६६७ मीटर. म्हणजे हा धागा १३५ डेनियरचाच! किलोच्या भावात मीटर जास्त मिळाले म्हणून काही बांधव खूष होतात. पण ताणा-बाणा दोन्हीत हेच सूत घातले की कापडाचे वजन दहा टक्के कमी भरते आणि गिऱ्हाईक माल परत पाठवते. आम्ही असे तंटे बाजारात पाहिले आहेत.

रीत सोपी आहे. डेनियरला ०.९ ने भागले की डेसीटेक्स, डेसीटेक्सला ०.९ ने गुणले की डेनियर. कोनवर १६७ दिसले तर दचकू नये, तो आपला नेहमीचा दीडशेच. ८३ म्हणजे पंचाहत्तर. कॉटनचा काउंट मात्र उलटा चालतो, नंबर वाढला की सूत बारीक. तिथे ५,३१५ ला काउंटने भागावे. ४० नंबरचे सूत सुमारे १३३ डेनियर येते.

कापडात घोटाळा याहून मोठा. एक पार्टी 'मीटरला १४० ग्रॅम' म्हणते, दुसरी जीएसएम मागते, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन. मधे पन्हा आहे, हे दोघेही विसरतात. मीटरच्या वजनाला पन्ह्याच्या मीटरने भागावे. ४४ इंची पन्हा म्हणजे १.११८ मीटर, तेव्हा १४० ग्रॅमचे १२५ जीएसएम. तेच १४० ग्रॅम ५८ इंची पन्ह्यात (१.४७३ मीटर) फक्त ९५!

दुकानात तपासायचे तर किनार सोडून दहा सेंटिमीटरचा चौकोन कापा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि शंभराने गुणा. १.२० ग्रॅम म्हणजे १२० जीएसएम. कोऱ्या कापडात खळ असते, ते जड भरते. म्हणून वजन कोऱ्याचे की धुतलेल्याचे, हे सौद्याच्या चिठ्ठीवरच लिहून घ्यावे.