बेकारी भत्ता आणि मागणीची पोच

मागणी करूनही ग्रामीण मजुरास काम न मिळाल्यास शासनाने भत्ता द्यावा, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमात स्वीकारले. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर नेले. १५ दिवसांत काम न मिळाल्यास पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक-चतुर्थांश व पुढे किमान निम्मा भत्ता, असे त्यात ठरविण्यात आले.

दिलेले काम न स्वीकारणाऱ्या किंवा कळविल्यावर १५ दिवसांत हजर न होणाऱ्या मजुराचा हा हक्क तीन महिने थांबे. भत्ता अन्यायाने नाकारला गेल्यास तक्रारीची सोय होती. आपल्या अधिकारातील तक्रार नोंदवहीत घेऊन कार्यक्रम अधिकाऱ्याने ती सात दिवसांत निकालात काढावी, असा दंडक होता.

व्यवहारात मात्र सारे अडते ते मागणीच्या तारखेवर. तोंडी मागणीचे १५ दिवस मोजावयाचे कोठून? पोच नसेल तर दावा, तक्रार व अपील ही तिन्ही लंगडी पडतात. म्हणून शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी निरक्षर मजुराचा अर्ज लिहून द्यावा आणि तारखेची पोच त्याच्या हाती पडेपर्यंत पाठपुरावा करावा. पोच देणे हा उपकार नव्हे, ते कर्तव्य होय.