धानकापणीचे दिवस आणि गावची शाळा

आश्विन लागला की वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्यांतून हलक्या धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. दसऱ्याच्या सुमारास विळ्यांना धार लावली जाते. तेव्हापासून भारी धानाचे पुंजणे रचले जाईपर्यंत चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात आणि गडचिरोली जिल्ह्यात भर दुपारी मोठे माणूस घरी सापडणे कठीण असते. नेमक्या याच काळात प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आईबाप सकाळीच शेतावर गेले की धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे, गुरे राखण्याचे किंवा घर राखण्याचे काम आठ-दहा वर्षांच्या मुलाकडे, आणि बहुधा मुलीकडे येते. त्यातच दिवाळीची सुटी येते. सुटीपूर्वीचे पंधरा दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस शाळेत न आलेले मूल अभ्यासात मागे पडते. मागे पडल्यामुळे त्याला वर्गात बसणे नकोसे होते आणि पुढे शाळेशी त्याचा संबंध हळूहळू तुटत जातो.

शरद ऋतू हा अशा रीतीने येथील शाळांच्या कसोटीचा काळ होय. तथापि हाच काळ शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत संपन्नही असतो. शेत, तळे, रान आणि सण यांनी गाव भरलेले असते आणि त्यांविषयीचे ज्ञान घराघरांतील वडीलधाऱ्यांपाशी असते. या दिवसांत पालक शाळेकडे येत नाहीत अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा शाळेनेच आपला अभ्यास पालकांच्या कामाशी जोडून घेतला, तर हजेरी टिकण्यास मदत होईल आणि शिक्षणही अधिक कसदार होईल. ते कसे साधावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रदेशाचे वेगळेपण

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग वनव्याप्त आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली हे तालुके धानाचे, तर वरोरा, राजुरा, कोरपना हा पश्चिमेकडील भाग कापूस व सोयाबीनचा. तेथे कापणीची जागा कापूस वेचणी घेते, परंतु शाळेपुढील प्रश्न तोच राहतो. भाषाही अनेक आहेत. कोठे झाडीबोली, कोठे गोंडी व माडिया, कोठे कोलामी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील वसाहतींत बंगाली. त्यामुळे मुंबई-पुण्याकडील शाळांसाठी आखलेला उपक्रमांचा तक्ता येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. प्रत्येक शाळेने आपल्या गावाच्या कामाचा क्रम पाहूनच उपक्रम ठरविणे अगत्याचे आहे.

नांदेडच्या शेतकऱ्याचा धडा

शेतातील निरीक्षणाचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत झाले होते. १९८३ मध्ये आपल्या धानाच्या पिकात इतरांहून वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या त्यांच्या नजरेस पडल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या, पुढील हंगामात त्यांचे बी निराळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करीत एक नवे वाण सिद्ध केले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ते ‘एच.एम.टी.’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि महाराष्ट्राबाहेरही पसरले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

दादाजींनी जे केले त्याला शास्त्रीय भाषेत निरीक्षण, वर्गीकरण, प्रयोग आणि नोंद असे म्हणतात. प्राथमिक शाळेतील परिसर अभ्यास या विषयाने मुलांना हेच शिकवावयाचे असते. मात्र ज्या व्यक्तीपाशी अशी दृष्टी होती, तिला शाळा तिसरीपलीकडे धरून ठेवू शकली नाही, ही गोष्टही विसरता येत नाही. आज अशी दृष्टी असलेली मुले आपल्या वर्गांतून बसलेली आहेत. कापणीच्या दिवसांत ती वर्गाबाहेर जाणार नाहीत, हे पाहणे आपल्या हाती आहे.

अभ्यास कोणता घ्यावा

शेताचा अभ्यास : पिकलेल्या बांधीत एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट आखून तिच्यातील लोंब्या मुलांनी मोजाव्यात. दहा लोंब्यांतील दाणे मोजून सरासरी काढावी. हलके, मध्यम व भारी धान यांचे नमुने आणून त्यांचा रंग, लांबी व पिकण्याचा काळ यांचा तक्ता करावा. तुडतुड्याने वाळलेली जागा दिसल्यास तिचीही नोंद व्हावी. प्रत्येक वाण कोणी व का पेरले, हे त्या शेतकऱ्याने स्वतः मुलांना सांगावे.

मापांचे गणित : पायली, कुडव, खंडी ही मापे अजूनही घरोघर ऐकू येतात. ती गावोगावी बदलतात, म्हणून मुलांनी घरची पायली आणून ती भरून तराजूवर तोलावी. शंभर किलो धानापासून सदुसष्ट किलो तांदूळ, हे शासकीय भरडाईचे सर्वसाधारण प्रमाण आहे. आपल्या गावच्या गिरणीवर प्रत्यक्षात किती तांदूळ, कणी व कोंडा निघतो, हे मुलांनी पालकांकडून विचारून आणावे. शेकडेवारीचा धडा यापेक्षा सोप्या रीतीने शिकविता येणार नाही.

तळ्याचा अभ्यास : माजी मालगुजारी तलाव हे या भागाचे वैभव. पावसाळा सरल्यावर तलाव किती भरला, पाणी कोणत्या पाटाने कोणाच्या बांधीस जाते, पाळ कोठे खचली आहे, याचा नकाशा चौथी-पाचवीची मुले काढू शकतात. आजोबांच्या आठवणीतील तलाव आणि आजचा तलाव यांतील फरक लिहून काढला, तर तो गावाच्या इतिहासाचा आणि पंचायतीच्या कामाचाही कागद होतो.

भाषा व कला : विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि झाकलेला खाऊ प्रश्न विचारून ओळखतात. प्रश्न तयार करणे व उत्तरावरून तर्क करणे हा भाषेचा उत्तम व्यायाम असून त्यात मुलांनाही सामील करून घ्यावे. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, दंडारी व नाटके होतात. गावातील नट, वादक व पडदे रंगविणारे यांना एक दिवस शाळेत बोलवावे. माडिया व गोंड गावांतून नवे धान खाण्याचा सण कसा होतो, हे गावातील जाणत्यांनी आपल्या भाषेत सांगावे, मुलांनी त्यातील शब्द आणि त्यांचे मराठी प्रतिशब्द फळ्यावर लिहावेत.

परसबाग : शरद ऋतूत जमिनीत ओल असते आणि ऊन सौम्य होऊ लागते. मुळा, मेथी, पालक, सांबार यांचे वाफे याच वेळी करावेत. धान उभे असतानाच बांधीत लाखोळी वा जवस फेकण्याची उतेरा पद्धत मुलांना माहीत असते. तसे का करतात, हा प्रश्न मात्र त्यांना शाळेने विचारावा. निघालेली भाजी पोषण आहारात वापरता येते.

कुटुंबाचा सहभाग म्हणजे काय

पुष्कळ ठिकाणी पालकांचा सहभाग म्हणजे सभेला हजर राहणे व अंगठा किंवा सही करणे, एवढाच अर्थ घेतला जातो. आईने मजुरी बुडवून दुपारी दोन वाजता सभेला यावे अशी अपेक्षा कापणीच्या दिवसांत करणे योग्य नव्हे. सभा सायंकाळी, जेवणानंतर, गोटुलात किंवा समाजमंदिरात घ्यावी. शिक्षकाने खळ्यावर जाऊन दहा मिनिटे बोलणे हीदेखील पालकसभाच आहे.

जे पालक स्वतः शाळेत गेलेले नाहीत, त्यांना शाळेत परकेपणा वाटतो. त्यांच्याकडून वर्गणीच्या आधी माहिती मागावी. बांबूची टोपली विणणारे वडील, आवळा-बेहडा ओळखणारी आजी, बियाणे निवडणारी आई यांना वर्गात शिक्षकाच्या जागी उभे राहण्याची संधी मिळाली, की मुलाच्या मनात घराविषयी आणि घराच्या मनात शाळेविषयी आदर वाढतो. भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली. तेथील कार्यकर्त्यांना प्रथम स्वतः माडिया भाषा शिकावी लागली. घराची भाषा शाळेने स्वीकारल्यावाचून घर शाळेत येत नाही, हा त्यातील बोध सर्वांनाच उपयोगी आहे.

सर्वांत निकडीचा प्रश्न धाकट्या भावंडांचा. तीन वर्षांवरील भावंडे अंगणवाडीत जातील आणि अंगणवाडीची व शाळेची वेळ जुळेल, हे सरपंच, अंगणवाडी सेविका व मुख्याध्यापक यांनी बसून ठरवावे. त्याहून लहान मुलांसाठी शेतावर न जाणाऱ्या आजीबाईंची मदत घेता येईल. एवढी सोय झाली, तरी कितीतरी मुलींचे शाळेतील दिवस वाचतील.

कायद्याने दिलेली साधने

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीचे आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा ऐन शरदात येते. कापणीच्या दिवसांतील हजेरी, भावंडांची सोय व शाळेच्या गरजा हे विषय त्या सभेपुढे आल्यास आराखड्याला गावाचे बळ मिळेल.

याच अधिनियमाच्या कलम ९ अन्वये शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस भरले पाहिजेत, ही मर्यादा सांभाळून सुटीचे काही दिवस किंवा शाळेची वेळ कापणीशी जुळवून घेता येईल काय, याचा विचार जिल्हा परिषद व गटशिक्षणाधिकारी यांनी अवश्य करावा. निर्णय घेण्यापूर्वी गावाने तो अभ्यासावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट बसवून आणि सर्वसहमतीने निर्णय घेऊन २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला. जंगलाच्या बाबतीत जी पद्धत फलदायी झाली, ती शाळेच्या बाबतीतही वापरून पाहण्यासारखी आहे.

घ्यावयाची दक्षता

शेतातील अभ्यास आणि शेतातील मजुरी यांत स्पष्ट रेषा असावी. २०१६ मध्ये सुधारलेल्या बालकामगारविषयक कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या कामात मदत करावयाची, तर ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीतच करता येते. शाळेच्या नावाने मुलांच्या हाती विळा देऊ नये आणि कोणाच्याही शेतावर त्यांच्याकडून काम करवून घेऊ नये. कापलेल्या धानाच्या भाऱ्यांखाली साप असतात. अनवाणी मुलांना बांधीत उतरवू नये. ब्रह्मपुरी परिसरासह अनेक ठिकाणी वाघाचा वावर गावाशेजारी आहे, म्हणून रानाकाठचा फेरफटका पहाटे किंवा संध्याकाळी कधीही काढू नये आणि सोबत गावातील जाणती माणसे असावीत. पावसाळ्यानंतर हिवतापही बळावतो. ताप आलेल्या मुलाला ‘गैरहजर’ लिहून न थांबता त्याच दिवशी आशा स्वयंसेविकेला कळवावे.

नई तालीमचा विचार ज्या परिषदेतून पुढे आला, ती २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथून जवळच वर्धा येथे भरली होती. हाताने होणाऱ्या कामातून शिक्षण द्यावे, ही तेथील मूळ कल्पना. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत ते काम आजही दररोज चालू आहे, त्याला फक्त वही-पेन्सिलीची आणि विचारणाऱ्या शिक्षकाची जोड हवी. यंदा दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल, त्या दिवशी प्रत्येक मुख्याध्यापकाने व समिती सदस्याने हजेरीपट समोर ठेवून कोणते मूल आले नाही, हे पाहावे आणि त्याच सायंकाळी त्याच्या खळ्यावर जावे. एवढे एक काम नेमाने झाले, तरी या लेखातील बाकीच्या सूचनांना अर्थ येईल, यात शंका नाही.