लॉट नंबर वाचायला शीक

पोरी, अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर काडतुसं भरतात, मग आपण का नाही, असं तू परवा विचारलंस. रिकामी पुंगळी घ्यायची, बुडाची टोपी बदलायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. मोठ्या बोअरच्या रायफलीला ते जमतं. आपल्याकडे मात्र त्याला काडतूस बनवण्याचा परवाना लागतो, 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार, आणि तो हौसेखातर मिळत नसतो. त्यातून तुझी रायफल पॉइंट टू टूची. तिच्या पुंगळीला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो, पिन कडेवर आपटते, कड चेपते, पुंगळी संपली. तेव्हा आपलं काम काडतूस भरायचं नाही, निवडायचं.

    

मी दौंडला राखीव पोलीस दलाच्या गटात शस्त्रं सांभाळली. चांदमारी झाली की रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करून घ्यायच्या. मोजताना बूड उलटं करून बघायची सवय लागली. बुडावर के. एफ. कोरलेलं असायचं, म्हणजे खडकीचा कारखाना, 1869 पासूनचा, आणि त्याच्या शेजारी साल. रायफल तीच, जवान तोच, पण साल बदललं की टार्गेटवरचा घोळका थोडा सरकलेला दिसायचा. ती गोळी वाईट नसायची, वेगळी असायची. केडगावच्या गुऱ्हाळावर एकाच फडातल्या उसाची दोन आधणं सारखी उतरत नाहीत, तसंच हे. तुझ्या पॉइंट टू टूच्या डब्यावरही लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या त्या आधणाचा नंबर, छापलेला असतो. ब्रँडच्या नावाआधी तो वाच. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएसची आर 50, लापुआ, सगळी नामांकित. पण महागातला एक लॉट तुझ्या नळीला मानवतो आणि त्याच नावाचा दुसरा मानवत नाही. बालेवाडीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधल्या मुलीला जो लॉट चालतो तो तुला चालेलच असं नाही. तिची नळी वेगळी.

लॉट मानवत नाही म्हणजे काय, ते नीट समजून घे. या काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण सव्वातीनशे मीटरनं सुटते, आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. ते मुद्दामच, नाहीतर वाटेत आवाजाची वेस ओलांडताना ती डळमळते. आता एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला दहा मीटरनं हळू सुटली, तर 50 मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली बसते. आणि 50 मीटरच्या टार्गेटवर मधून 0.8 मिलिमीटर सरकलं की एक दशांश गुण गेला. म्हणजे तुझा नेम 10.9 चा, हात निर्दोष, श्वास जागेवर, आणि बोर्डावर दिसतं 10.0. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. तिथल्या फायनलला सगळं दशांशातच मोजतात. पोरं हात सुधारायला वर्षं घालवतात आणि डबा मात्र दुकानदार देईल तो घेतात, याचं मला नवल वाटतं.

चाचणी करायची तर मेच्या दुपारी नको. भीमेकाठच्या उघड्या माळावर नऊ वाजले की वारा उठतो. उजाडताना जा. काडतुसं सावलीत ठेव, गाडीच्या डिकीत नाही. शिशावरचं मेण मऊ झालं की वेग बदलतो. पुढं-मागं वाळूच्या पिशव्या, त्या दिवसापुरती दुर्बीण, म्हणजे तुझा डोळा आणि खांदा हिशेबातून जातील. दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचनं कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर घट्ट कर आणि मग त्यांना हात लावू नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लॉटही बदलला आणि स्क्रूही फिरवला, तर ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा घोळका, कशानं सुधारला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

नवा लॉट लावलास की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या धरायच्याच नाहीत. नळीत आधीच्या लॉटचं मेण बसलेलं असतं, ते जाऊन याचं बसू दे. मग दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांचा ग्रुप फसवा. नशिबानं कुठलाही लॉट एकदा पाच गोळ्या एका भोकात घालून दाखवतो, आणि माणूस त्याच्या प्रेमात पडतो. तीन लॉट असतील तर एकदा पहिला-दुसरा-तिसरा, मग उलट क्रमानं, म्हणजे उन्हाचा आणि दमल्याचा भार एकाच्या माथी बसत नाही. एखादी गोळी बाहेर गेली तर ‘ती माझी चूक’ म्हणून खोडू नको. तुला हात हलल्याचं सुटायच्या आधी कळलं असेल तरच खोड, कागद बघून नव्हे. ग्रुप उभा लांबला तर वेगाचा दोष शोध, आडवा पसरला तर वाऱ्याचा.

परदेशात एली, लापुआ या कंपन्यांकडं रायफल नेली की तिला पकडीत आवळून लॉटामागून लॉट मारून बघतात. आपल्याला तेवढं परवडत नाही, वाळूची पिशवी परवडते.

धाकट्याच्या एअर रायफललाही हेच. छर्‍याच्या डोक्याचा व्यास 4.49, 4.50 असा डब्यावर लिहिलेला असतो, तो मारून बघून ठरव. दहा मीटरवर पाच छर्‍यांचं भोक एका छर्‍याच्या भोकाहून जेमतेम मोठं दिसलं की झालं. तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आणि डबा हातातून पडला तर त्यातले छर्रे सरावाला, स्पर्धेला नाही; त्यांची पातळ कड वाकते, डोळ्याला दिसत नाही.

सगळं वहीत लिही: तारीख, लॉट, हवा, ग्रुपचं माप. लॉट सापडला की त्याच दिवशी परवान्यावर बसतील तेवढे डबे एकदम उचल, एकही जास्त नको. एकदा संपला की तो पुन्हा बनत नाही. आणि माल घरात येईपर्यंत नंबर कुणाला सांगू नको, बालेवाडीतल्या मैत्रिणींना तर मुळीच नाही.