दोन दिवस पुसदला, उरलेले पाच दिवस कोणाकडे?

प्रश्न : मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, राहते यवतमाळला. मुलगी चार वर्षांची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. म्हणून पूर्णवेळ नोकरी सोडली. आता पुसदच्या एका खासगी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस ओपीडी करावी म्हणते. फी ५०० रुपये. रुग्णालय म्हणते, फीचे ४० टक्के द्या, नाहीतर केबिनचे महिना १२,००० रुपये भाडे भरा. बोलणी अजून तोंडीच आहेत. काय निवडू?
– एक डॉक्टर, यवतमाळ

उत्तर : डॉक्टर, आधी हिशेब उरकू. महिन्याला ६० रुग्ण आले तर फी ३०,००० होते आणि तिचे ४० टक्के म्हणजे बरोबर १२,०००. ओपीडीचे आठ दिवस धरले तर दिवसाला सात-आठ रुग्णांवर दोन्ही पर्याय सारखेच. रुग्ण त्याहून जास्त असतील तर भाडे परवडते, कमी असतील तर टक्केवारी. पेरणीच्या दिवसांत ओपीडी ओस पडते आणि कापसाचे पैसे हातात आले की भरते, तेव्हा सरासरी वर्षभराची काढा. रुग्णालयाची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावर १८ टक्के कर लागेल. तुमची वैद्यकीय सेवा जीएसटीमुक्त असल्याने तो वळता करून घेता येत नाही. हे आधीच विचारून घ्या.

तरीही मी भाडेच सुचवीन, सुरुवातीचे काही महिने पदरमोड झाली तरी. टक्केवारीत बहुधा पावती रुग्णालयाची, केसपेपर रुग्णालयाचा, आणि तुमच्या हाती १० टक्के टीडीएस कापून आलेली रक्कम. टीडीएस विवरणपत्र भरताना वळता होतो. केसपेपर मात्र वर्षभराने तुम्ही जागा सोडलीत की तिथेच राहतो. तुमच्या शाखेत तो केसपेपर म्हणजे कोणाच्या घरातले भांडण, कोणाची दारू, कोणी घेतलेले विष. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने ही गोपनीयता रुग्णाचा हक्क ठरवली आहे. कपाट तुमचे, किल्ली तुमची, पावतीपुस्तक तुमच्या नावाचे, असे करारात लिहून घ्या. भाड्याचा करार महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत हवा. तोंडी बोलण्यावर केबिनला पाटी लावू नका. ‘सोडल्यावर पुसदमध्ये दोन वर्षे प्रॅक्टिस करणार नाही’ अशी अट घालू पाहतील. करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही, तरी सहीपूर्वीच खोडून घ्या. आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन घेणे-देणे २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध आहे. शब्द फिरवून ते करारात शिरू देऊ नका.

दुसरी गोष्ट भरतीची. मानसिक आजारासाठी रुग्ण ठेवून घ्यायचे तर संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नुसत्या ओपीडीला ती लागत नाही. रुग्णालयाची ही नोंदणी नसेल तर ‘मॅडमच्या नावावर दोन दिवस ठेवू’ याला ठाम नकार द्या. जीव धोक्यात असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो, पण जास्तीत जास्त ७२ तास. त्याच वेळात पुढे कुठे न्यायचे हे ठरलेले हवे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहेच.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मे महिना. लिथियमवर असलेला माणूस दोन दिवस जुलाबाने हैराण. बायको त्याला एसटीने पुसदला घेऊन येते. पिशवीत रिकामी स्ट्रिप आणि तुमची चिठ्ठी. त्याचे हात थरथरताहेत, बोलणे जड झाले आहे. गुरुवार आहे आणि तुम्ही यवतमाळला. अंगातले पाणी कमी झाले की लिथियम चढते, हे तुम्ही जाणता. काउंटरवरची मुलगी ‘मॅडम सोमवारी येतील’ एवढेच जाणते. म्हणून तुमच्या गैरहजेरीत रुग्णालयाचा कोणता डॉक्टर रुग्ण पाहील आणि तुम्हाला कोणत्या नंबरवर फोन करील, हे नावानिशी करारात असू द्या. पूर्वी तपासलेल्या रुग्णाला व्हिडिओवर पाहायला २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. त्याची वेळ चिठ्ठीवर छापा. रात्रीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांकही तिथेच.

गैरहजेरीचे हे कलम रुग्णालयाला मान्य नसेल, तर भाडे निम्मे केले तरी ती केबिन घेऊ नका. दिग्रस, उमरखेडलाही जागा मिळतील.