हिल्म म्हणजे निव्वळ सोशिकपणा नव्हे

हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. वाचकहो, आपण ती अनेकदा ऐकली असेल. तरीही या वेळी ती जरा सावकाश वाचावी, अशी विनंती आहे. सहाबा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासह मदीनेच्या मस्जिदीत होते. इतक्यात एक बद्दू आत आला आणि मस्जिदीतच लघवी करू लागला. सहाबांनी त्याला दरडावण्यास सुरुवात केली. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले, त्याला मध्येच अडवू नका, त्याचे होऊ द्या, असे सांगितले. त्याचे आटोपल्यावर त्याला बोलावून घेतले आणि मस्जिदी अशा घाणीसाठी नसतात, त्या अल्लाहचे स्मरण, नमाज आणि कुरआनपठण यांसाठी असतात, एवढेच समजावले. मग बादलीभर पाणी मागवून त्या जागी ओतवले. विषय तेथेच संपला.

हदीसच्या भाष्यकारांनी या प्रसंगाचा बारकाईने विचार केला आहे. त्या माणसाला मध्येच उठवले असते तर त्याच्या शरीराला अपाय झाला असता, शिवाय त्याचे कपडे आणि मस्जिदीचा आणखी भाग अपवित्र झाला असता. एक जागा अपवित्र झालीच होती. ओरडण्याने ती पवित्र होणार नव्हती. प्रेषितांनी (स.) आधी नुकसान वाढू दिले नाही आणि मगच शिकवण दिली. शिकवणही तेवढीच, जेवढी त्या माणसाला ठाऊक नव्हती. त्याचा कबिला, त्याचे संस्कार, त्याचे आईबाप यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. इब्ने माजा यांच्या संग्रहातील एका कथनानुसार, पुढे धर्माची समज आल्यावर हा बद्दू स्वतःच सांगत असे की प्रेषितांनी (स.) मला ना दरडावले, ना अपशब्द वापरला. अपमान लोकांच्या लक्षात राहतो हे आपण जाणतो. या माणसाने मात्र न झालेला अपमान आयुष्यभर लक्षात ठेवला.

या वृत्तीला अरबीत 'हिल्म' म्हणतात. मराठीत आपण त्याचे भाषांतर 'सहनशीलता' किंवा 'सोशिकपणा' असे करतो. मराठीचा विद्यार्थी या नात्याने मला ते अपुरे वाटते. 'सोशिक' हा शब्द आपण बहुधा ज्याला प्रत्युत्तर देणे शक्यच नाही, अशा माणसासाठी वापरतो. सासरी मुकाट्याने सोसणाऱ्या सुनेसाठी तर हमखास. हिल्म हा त्याच्याकडे असतो, जो उत्तर देऊ शकतो आणि तरी स्वतःला आवरतो. याच शब्दाचे अनेकवचन कुरआनात सूरह तूरमध्ये बुद्धी या अर्थाने आले आहे. म्हणजे हिल्म हे दुबळेपणाचे नव्हे, शाबूत बुद्धीचे नाव आहे.

त्याच्या विरुद्ध शब्द कोणता? जुन्या अरबीत तो 'जहल' आहे. आपल्या बोलण्यात 'जाहिल' म्हणजे निरक्षर, अडाणी. परंतु सूरह फुरकानच्या 63 व्या आयतीत, जाहिल लोक हुज्जत घालू लागले की रहमानचे दास सलाम म्हणून बाजूला होतात, असे वर्णन आहे. तेथे साक्षरतेचा प्रश्नच नाही. जो भडकतो, ज्याचा स्वतःवर ताबा राहत नाही, तो जाहिल. या अर्थाने निरक्षर माणूस हलीम असू शकतो आणि पदवीधर माणूस जाहिल. हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण समजले फार उशिरा.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मस्जिदीत इमामत करीत होतो, तेथे एक वयोवृद्ध गृहस्थ इशाच्या नमाजला नियमाने येत. त्यांचा मोबाइल नमाजमध्ये वाजे. एकदा वाजला, दुसऱ्या दिवशी वाजला, तिसऱ्या दिवशी नेमका शेवटच्या रकाअतमध्ये, बराच वेळ. सलाम फेरताच मी वळलो आणि सर्वांसमोर बोललो. काय बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. एवढे सांगतो की त्यात अल्लाहच्या घराचा आदर होता, मस्जिदीचे नियम होते, आणि माझा रागही होता. पण त्या वेळी मला पहिल्या दोनच गोष्टी दिसत होत्या. धार्मिक माणसाच्या रागाची हीच अडचण आहे. त्याला नेहमीच एखादे चांगले कारण सापडते.

ते गृहस्थ त्यानंतर आले नाहीत. आठवडाभराने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळले की तो फोन आखातात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने पाठवला होता. मुलगा काम संपवून खोलीवर परतला की फोन करी. तीच आपल्याकडे इशाची वेळ. फोन उचलायचा कसा एवढेच त्यांना शिकवले गेले होते. आवाज बंद कसा करायचा हे ठाऊक नव्हते आणि कोणाला विचारायचा संकोच वाटत होता. मला तो बद्दू आठवला. त्यालाही ठाऊक नव्हते, यांनाही नव्हते. फरक इतकाच की मदीनेच्या मस्जिदीत जाणणाऱ्याने शिकवले आणि आमच्या मस्जिदीत जाणणाऱ्याने फटकारले. आयतीतील 'जाहिल' त्या रात्री मिहराबमध्ये उभा होता.

अब्दुल कैस कबिल्याच्या शिष्टमंडळातील अशज्ज (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की तुमच्यातील दोन गुण अल्लाहला प्रिय आहेत: एक हिल्म आणि दुसरा 'अनात', म्हणजे घाई न करणे. दोन्ही गुण एकत्र सांगितले गेले, यात मला मोठा अर्थ दिसतो. मी सलाम फेरताच बोललो नसतो, सुन्नत नमाज पढून बोललो असतो, तरी बहुधा वेगळे बोललो असतो. राग आला असता उभा असलेल्याने बसावे, तरीही शमला नाही तर आडवे व्हावे, ही अबू दाऊद यांच्या संग्रहातील शिकवण याच जातीची आहे. उभ्या माणसाचा हात लवकर उठतो. न्याय करणाऱ्याने रागाच्या भरात दोघांमध्ये निवाडा करू नये, असेही प्रेषितांनी (स.) फर्मावले आहे. घराघरांत रोज निवाडे होतात. मुलाचे गुणपत्रक हातात घेऊन आपणही न्यायाधीशच झालेले असतो.

त्रास देणारा प्रत्येक जण अजाणच असतो असे नाही. कधी त्याचा आपल्यावर हक्क असतो, आणि आपल्याला त्रास होतो तो त्या हक्काचाच. प्रेषितांकडे (स.) एका माणसाचा उंट येणे होता. तो मागायला आला आणि उद्धटपणे बोलला. सहाबा त्याच्यावर चालून जाणार, तेवढ्यात प्रेषितांनी (स.) त्यांना अडवले: ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचाही अधिकार आहे. त्याच्या उंटाच्या वयाचा उंट मिळाला नाही, तेव्हा अधिक चांगला विकत घेऊन त्याला देण्यास सांगितले. उधारी मागायला तिसऱ्यांदा आलेल्या दुकानदाराला 'त्रासदायक' म्हणण्यापूर्वी आपण हा उंट आठवावा.

घरातील वृद्धांचे तर काय सांगावे! आई तीच गोष्ट पाचव्यांदा विचारते आणि आपल्या तोंडून नकळत 'च्च' असा आवाज निघतो. सूरह बनी इस्राईलच्या 23 व्या आयतीत आईवडिलांना 'उफ'ही म्हणू नका, असा आदेश आहे. 'उफ' म्हणजे दुसरे काय, तर हाच 'च्च'. आणि लक्षात घ्या, दहा वर्षे सेवेत राहिलेले हजरत अनस (रजि.) साक्ष देतात की प्रेषित (स.) मला कधी 'उफ' म्हणाले नाहीत. अनस (रजि.) तेव्हा लहान वयाचे होते, कामे विसरतही असत. जो शब्द आपल्याला आईवडिलांपुढे वर्ज्य आहे, तो प्रेषितांनी (स.) हाताखालच्या मुलासाठीही वापरला नाही. आपले कसे असते? बाहेर ग्राहकाशी मध, आणि घरी येताच मिरची.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर या लेखाचा दुरुपयोग होईल. मारहाण करणाऱ्या पतीला किंवा वारसाहक्क बुडवणाऱ्या भावाला 'सब्र कर' या शब्दांचा आधार मिळता कामा नये. सूरह शूरामध्ये अन्याय झाल्यावर प्रतिकार करणाऱ्यांचा उल्लेख प्रशंसेनेच आला आहे, आणि त्याला लागूनच क्षमेचे श्रेष्ठत्व सांगितले आहे. हक्क मागावा, गरज पडल्यास जमाअतीसमोर, न्यायालयासमोर मागावा. हिल्म जिभेला आवर घालतो. हक्क सोडायला लावत नाही. आणि क्षमा करावी की नाही, हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ठरवायचे आहे, उपदेश करणाऱ्याने नव्हे.

त्या वृद्ध गृहस्थांची मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, माझ्या मुलांची चौकशी केली, झाल्या प्रकाराचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. फोनचा आवाज कसा बंद करायचा हे मी त्यांना दोनदा करून दाखवले. "शिकलो, मौलाना," असे ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा मस्जिदीत येऊ लागले. मात्र पहिली सफ सोडून शेवटच्या सफमध्ये उभे राहत, आणि फोन घरीच ठेवून येत. मुलाची फोन करण्याची वेळ बदललेली नव्हती. मी तेथे असेपर्यंत इशाच्या सुमारास त्यांच्या घरात तो फोन वाजत राही, आणि ते मस्जिदीत असत.